एका नावाची दोन कार्डं

"होईल" हा शब्द मिनिटताईला चालत नसे. आमच्या ऑफिसात तो दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. नकाशा कधी मिळेल? होईल. प्रिंट? होईल. गळका नळ? प्लंबर येईल, होईल. मी स्वतः चाळीस वर्षं नकाशे काढतोय आणि त्यातली निदान पाच वर्षं तरी "होईल" म्हणण्यात गेली असतील. मिनिटताईला विचारलं की ती समोरच्या पडद्याकडे बघायची, ओठातल्या ओठात काहीतरी गुणायची आणि सांगायची, "एकशे तेरा मिनिटं." एकशे तेराव्या मिनिटाला काम तयार असायचं. एखादं मिनिट वर गेलं तर स्वतः उठून येऊन सांगायची, वर कारणही द्यायची, आणि आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

आमचं ऑफिस म्हणजे इमारतींचे आराखडे करणाऱ्या साहेबांचं. साहेब कल्पना काढतात, आम्ही दोघंतिघं ती कागदावर आणतो, आणि जी इमारत अजून पायाच्या खड्ड्यातही उतरलेली नाही तिच्यातून गिऱ्हाइकाला फिरवून आणायचं काम मिनिटताईचं. पडद्यावर फिल्म लागते. दार उघडतं, आपण आत जातो, जिना चढतो, फरशीवर खिडकीतून आलेलं ऊन दिसतं. लोक हरखतात. त्यांना वाटतं, बटण दाबलं की झालं. प्रत्यक्षात एका सेकंदाच्या फिल्मला पंचवीस चित्रं लागतात, आणि एकेका चित्रात उजेड कुठून येतो, कशावर आपटतो, कुठे सावली टाकतो, याचं गणित कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड करत बसतं. हे मला तिनंच शिकवलं. मी पेन्सिलीच्या जमान्यातला माणूस. अकरा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसून जेवढा शहाणा झालो तेवढाच.

तिच्या वडलांची बेकरी होती. शाळेतून आली की ही भट्टीसमोर स्टुलावर बसायची, हातात चावीचा टायमर. पाव करपले तर वडील ओरडत नसत, फक्त विचारत, "कुणाचं चुकलं, भट्टीचं की तुझं?" ती म्हणायची, भट्टीचा स्वभाव एकदा कळला की ती फसवत नाही, घाई आपणच करतो. बेकरी गेली, वडीलही गेले, टायमर मात्र तिच्या टेबलावर राहिला. आकडे पुसट झालेले, पण चालू. कामाची पद्धतही भट्टीवरचीच होती. फिल्म लावण्याआधी पहिली वीस चित्रं काढून बघायची, एकाला किती सेकंद लागले ते वहीत टिपायचं आणि एकूण चित्रांनी गुणायचं. अशा नऊ वह्या भरल्या होत्या.

या आकड्यांवर तिचं घरही चालायचं. नवरा हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, त्याच्या पाळ्या सारख्या बदलतात. मुलगी आठ वर्षांची, शाळा सुटली की शेजारच्या आजींकडे. रोज पाच वाजता तिचा फोन यायचा, "आई, किती मिनिटं?" ही सांगायची, "बाहत्तर." पोरगी तेव्हापासून घड्याळ लावून बसायची आणि सहा बाराला खिडकीत उभी राहायची. एकदा बस चुकली म्हणून ही चक्क रिक्षा करून गेली. मी म्हटलं, पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? तर म्हणाली, "काका, तिला मी बाहत्तर सांगितलं होतं."

तिच्या टेबलाखाली जो डेस्कटॉप होता त्याला आम्ही पेटारा म्हणायचो. गुडघ्याएवढा उंच, काळा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. एकदा साफ करताना तिनं झाकण काढून मला आतलं कार्ड दाखवलं. मला वाटलं होतं कार्ड म्हणजे पत्त्याएवढं काहीतरी असेल. ते निघालं विटेपेक्षा मोठं, अंगावर तीन पंखे, आणि इतकं जड की ते वाकू नये म्हणून खालून टेकू दिलेला. पेटारा सकाळी घरघरायला लागला की संध्याकाळपर्यंत एका सुरात घरघरायचा. पहिल्या चित्राला तीन सेकंद लागले तर दोन हजाराव्यालाही तीनच. मिनिटताईच्या शब्दाला जी किंमत होती त्यातली निम्मी या पेटाऱ्याची होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही आलं नसावं.

मग जावईबापू आले.

साहेबांचे जावई. तोंडावर सर, माघारी जावईबापू. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून सासऱ्यांचा कारभार सुधारायला आले होते. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी सोपं गेलं असतं. हसतमुख, सगळ्यांना ताई-काका म्हणणारा, दाराशी आपल्याला आधी जाऊ देणारा, आणि ऐकून मात्र कुणाचंही न घेणारा. त्यांनी ठरवलं की अर्धा मजला सोडायचा. कुणालाही ठरलेलं टेबल नाही, एक लांबलचक मेज, ज्यानं त्यानं यावं आणि जागा मिळेल तिथं बसावं. त्यासाठी आठही डेस्कटॉप सामानाच्या खोलीत गेले आणि त्यांच्या जागी आठ लॅपटॉप आले. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की चाळीस वर्षांत मी तीनदाच खुर्ची बदलली आहे आणि तिन्ही वेळा पाठ धरली. पण मला कोण विचारतंय?

"ताई, तुमच्यासाठी सगळ्यात भारी घेतलाय," जावईबापू म्हणाले. "तुमच्या पेटाऱ्यातलंच कार्ड. नाव तेच, नंबर तोच. मी स्वतः ताडून बघितलंय."

मिनिटताईनं लॅपटॉपचा खोका सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "सर, याला वॅट किती मिळतात?"

"वॅट?"

"पेटाऱ्यातलं कार्ड एकटंच जवळजवळ तीनशे वॅट वीज खातं. या कार्डाला किती?"

खोक्यावर लॅपटॉप किती पातळ आहे ते मिलिमीटरमध्ये लिहिलं होतं, वजन ग्रॅममध्ये लिहिलं होतं, हे मात्र कुठंच नव्हतं. शेवटी तिनं माहितीपत्रकाच्या पार मागच्या पानावरून, मुंगीच्या अक्षरातून, आकडा शोधून काढला. पंच्याण्णव.

"एवढ्याशा डब्यात तीनशे वॅट घातले तर पेटेल की हो," ती मला म्हणाली. "म्हणून उपाशी ठेवतात. आणि आतली चिपसुद्धा खरं तर धाकटी असते, नाव तेवढं थोरलीचं लावलेलं."

"म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," मी म्हटलं.

"कथलाचा वाळा परवडला, काका. तो सकाळी जेवढा, संध्याकाळी तेवढाच असतो. हा तापला की आकडे बदलणार."

जावईबापूंनी हे ऐकलं आणि हसून म्हणाले, "ताई, तंत्रज्ञान फार पुढं गेलंय. आता लॅपटॉप काय आणि डेस्कटॉप काय, काही फरक राहिलेला नाही." ज्याला वॅट म्हणजे काय ते नीट ठाऊक नाही त्यानं हे सांगावं आणि जी अकरा वर्षं सेकंद मोजतेय तिनं ऐकून घ्यावं. मला राग आला. तिनं खांदे उडवले आणि लॅपटॉप उघडला.

पंधरा दिवसांनी वाचनालयाची फिल्म होती, लॅपटॉपवरची पहिलीच. एका संस्थेला मोठं वाचनालय बांधायचं होतं आणि समितीची पाच माणसं चार वाजता येणार होती. दीड मिनिटाची फिल्म, सव्वीसशे... नाही, चुकलो, तिच्या वहीत बावीसशे पन्नास चित्रं आहेत. पेटाऱ्यावर ती एकशे तेरा मिनिटांत झाली असती. मिनिटताईनं नेहमीप्रमाणे वीस चित्रं काढून बघितली. चार सेकंद. तिलाही जरा बरं वाटलं, भीती होती तितकं वाईट नव्हतं. "एकशे पन्नास मिनिटं," तिनं साहेबांना सांगितलं. एकला लावली की साडेतीनला तयार, वर अर्धा तास हाताशी.

पावणेदोनला मी चहा घेऊन आलो तेव्हा लॅपटॉप किंचाळत होता. पेटाऱ्याची घरघर नव्हे, शिट्टीसारखा बारीक आवाज. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन मेजावर उतरलं होतं. मिनिटताईनं कीबोर्डावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. "तवा झालाय नुसता," ती म्हणाली. एका चित्राला आता सात सेकंद लागत होते. खालून हवा खेळावी म्हणून तिनं लॅपटॉपखाली माझ्या दोन लाकडी पट्ट्या सरकवल्या, माझा छोटा टेबलफॅन मागून वेगानं लावला, तेव्हा कुठं सहावर आलं. पण तोवर गाडी सुटली होती. पेटाऱ्याच्या स्वभावावर बसवलेली तिची वीस चित्रांची रीत या दुसऱ्या भट्टीवर साफ कोसळली. गार असताना हा एक सांगतो आणि तापल्यावर दुसरंच करतो.

तीन वाजता ती स्वतः साहेबांकडे गेली. "साडेतीनला होत नाही, साहेब. माझा आकडा चुकला." साहेबांनी मान वर करून तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरायला लागलंय.

चार वाजता जेवढी झाली होती तेवढी फिल्म लावली. दार उघडलं, आपण आत गेलो, जिना चढलो, वाचनकक्षाच्या दाराशी पोचलो आणि तिथंच थांबलो. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "आत जाता येत नाही का?" जावईबापू म्हणाले, "अजून किल्ली मिळाली नाही." सगळे हसले. मिनिटताई भिंतीला टेकून उभी होती, ती हसली नाही.

पाहुणे गेल्यावर जावईबापू तिच्यापाशी आले आणि आठ माणसांदेखत, अगदी प्रेमानं म्हणाले, "ताई, मशीन तर तेच आहे. तुम्हीच दमलायत का? हवी तर चार दिवस रजा घ्या."

 एखाद्याला शिवी दिली तर ती तो परत देऊ शकतो, असली माया कशी परत करणार?  मिनिटताईचा आवाज मात्र चढला नाही.

"मशीन तेच नाही, सर. दोन्ही शेजारी लावा. तीच फिल्म, तेच चित्र. एक तास चालू द्या, मग बोलू."

"एक तास कुणाला वेळ आहे, ताई? पाच मिनिटं पुरे. शितावरून भाताची परीक्षा होते."

"शीत वरचं असेल तर? खाली भात करपलेला असतो. आज मी त्यातच फसले."

बरीच घासाघीस होऊन वीस मिनिटांवर मिटलं. शुक्रवारी अकरा वाजता. तिनं म्हटलं, मी बसते तिथं, खिडकीपाशी लावा, कामाचे हाल तिथंच होतात. ते म्हणाले, छे, मीटिंगच्या खोलीत, सगळ्यांना दिसायला हवं. मग ती फळ्यापाशी गेली आणि खडू घेऊन मोठ्या अक्षरात लिहिलं: वीस मिनिटांत पेटारा चारशे चित्रं, लॅपटॉप दोनशेच्या आत.

"लॅपटॉप दोनशेच्या आत राहिला तर पेटारा माझ्या टेबलाखाली परत येईल," ती म्हणाली.

"आणि वर गेला तर?"

"तर दमले असं मीच म्हणेन."

जावईबापूंनी हात पुढं केला, तिनं मिळवला. सोमवारी आठही डेस्कटॉप न्यायला टेम्पो येणार होता, म्हणजे जे काही व्हायचं ते शुक्रवारीच व्हायचं होतं. दोन दिवस तो फळा कुणी पुसला नाही. येणारा-जाणारा वाचायचा, आणि तिच्या अकरा वर्षांच्या शब्दाला आता असा खडूचा आधार लागतोय, हे बघवेना म्हणून मी फळ्याकडे पाठ करून बसायचो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मलाच चीड येते.

शुक्रवारी मी लवकर आलो. शिपाई आणि मी मिळून पेटारा सामानाच्या खोलीतून उचलून आणला, पुसला, मेजावर ठेवला. शेजारी लॅपटॉप. मिनिटताईनं दोन्हीवर फिल्म तयार करून ठेवली आणि वही आणायला बाहेर गेली, तेवढ्यात साहेबांनी तिला आत बोलावलं. खोलीत मी एकटा. लॅपटॉप मेजावर पालथ्या ताटलीसारखा चपटा बसलेला. मला वाटलं, हे तिचं मशीन. परवापासून ती याच्याखाली पट्ट्या घालते, मागून पंखा लावते, आज गडबडीत विसरली. चार माणसांत याची फजिती नको. फजिती! मी, अकरा वर्षं शेजारी बसून शहाणा झालेला माणूस, दोन लाकडी पट्ट्या घेऊन आलो, लॅपटॉपखाली नीट सरकवल्या, पडद्याच्या मागे माझा टेबलफॅन ठेवला आणि तीनवर लावला. एसी आधीच अठरावर होता. मी पलीकडे जाऊन बसलो, आपण काहीतरी चांगलं केलं अशा समाधानात. ही शर्यत लॅपटॉपनं हरायची आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानं धापा टाकाव्यात म्हणून तर हा सगळा घाट घातला होता.

अकराला सगळे आले. मिनिटताईनं टायमरला वीस मिनिटांची चावी दिली आणि दोन्हीकडची बटणं एकदम दाबली. पेटारा घरघरला. लॅपटॉपनं चित्रामागे चार सेकंदांनी सुरुवात केली. पाच मिनिटं झाली, चार सेकंद. आठ झाली, चारच. ती पडद्याकडे बघत होती, मग वहीकडे, मग परत पडद्याकडे. किंचाळी ऐकू येत नव्हती, हे तिला बाराव्या मिनिटाला जाणवलं असावं. ती उठली, मेजाच्या पलीकडे गेली आणि लॅपटॉपच्या मागे वाकून बघितलं.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

आणि मी, देवा, मी हसून मान डोलावली. म्हणजे काही आभार मानू नकोस, एवढं तर करायलाच हवं.

ती जागेवर येऊन बसली. टायमर वाजला तेव्हा पेटाऱ्याची चारशे झाली होती, एक कमी नाही, एक जास्त नाही. लॅपटॉपची दोनशे एक्क्याण्णव.

"त्र्याहत्तर टक्के!" जावईबापू म्हणाले. "फर्स्ट क्लास की हो! आणि उचलून कुठंही नेता येतो." त्यांना पंखा दिसला तेव्हा म्हणाले, "वा, थोडी हवा दिली की झालं." फळ्यावरचं ते स्वतः पुसायला गेले नाहीत, तेवढा सभ्यपणा आहे त्यांच्यात. ते तिनं स्वतः पुसलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "मी दमले असेन," आणि वही घेऊन बाहेर गेली.

चहाच्या खोलीत मी तिला गाठलं. अजूनही मला कळलं नव्हतं, विचारतो काय तर, "एवढं चांगलं कसं काय चाललं गं?"

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" ती एवढ्यानं ओरडली की शिपाई बाहेरूनच परत फिरला. "कुणी सांगितलं होतं पंखा लावायला? गार खोली, खाली पट्ट्या, मागून वारा, असं कुठं मी काम करते? उन्हात बसवतात मला! अकरा वर्षांत माझा आकडा दोनदा चुकला. एकदा त्या लॅपटॉपनं चुकवला आणि एकदा तुम्ही."

चाळीस वर्षांत मला साहेब बोलले, गिऱ्हाइकं बोलली, घरात बायको रोज बोलते. पण असं काळजाला लागलं नव्हतं. "मग तिथंच का नाही सांगितलंस?" मी कसंबसं म्हटलं. "मध्येच थांबवायचं, पंखा काढायचा."

ती कप धुवत होती. धुतलेलाच परत धुतला. "ते म्हणाले असते, पंखा कुणी लावला. गेल्या महिन्यापासून साहेबांना विचारतायत, काका नेमकं काय काम करतात म्हणून. आणखी एक निमित्त कशाला द्यायचं हातात?"

खरंच होतं. माझं निवृत्तीचं वय तीन वर्षांमागे उलटून गेलं. साहेबांच्या शब्दावर मी अजून त्या खुर्चीत आहे. तिनं आपला शब्द घालवून माझी खुर्ची राखली होती, आणि मी मान डोलावत बसलो होतो.

दुपारी मनाचा हिय्या करून जावईबापूंकडे गेलो. म्हटलं, पंखा मी लावला, पट्ट्या मी घातल्या, ताईचा काही दोष नाही, परीक्षा खोटी झाली, परत घ्या, खिडकीपाशी घ्या, तासभर घ्या. म्हटलं, हवं तर मला काढून टाका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, तुम्हाला कशाला काढू? तुम्ही तर प्रश्न सोडवलात. पंखा लावला की चालतं, हेच तर दिसलं ना?"

"पण तरी शंभरातले सत्तावीस कमीच की हो! आणि उन्हात..."

"पडदा लावू उन्हाला," ते म्हणाले आणि फोन उचलला. आठ टेबलफॅन मागवले. माझ्यासमोर. पांढरे.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, अशातली गत. मी साहेबांकडेही गेलो. साहेब म्हणाले, "ती म्हणते तर तसंच असणार. अकरा वर्षं बघतोय मी तिला. पण आता आणून झालं ना सगळं." तिचं खरं आहे हे त्यांना पटलं होतं, आणि पटून काहीही होणार नव्हतं. यापेक्षा त्यांनी तिला खोटी म्हटलं असतं तर मी निदान दार आपटून बाहेर पडलो असतो.

सोमवारी टेम्पो आला. पेटारा न्यायला आलेल्या माणसानं तो उचलला आणि म्हणाला, "हा भलताच जड आहे." मिनिटताई खिडकीत उभी होती. "आतलं कार्ड वजनदार आहे, पेटारा आडवा ठेवा, नाहीतर तुटेल," तिनं वरूनच सांगितलं. त्यानं आडवा ठेवला. ती टेम्पो वळेपर्यंत उभी राहिली आणि मग लांब मेजावर मिळेल त्या जागी जाऊन बसली.

पुढचे काही दिवस ती झटली. कुणी काही म्हणो, तिनं नवी वही केली. खोलीत गारवा किती, खिडकीचा पडदा उघडा की बंद, चार्जर कुठल्या भोकात, आज मेजाच्या कुठल्या टोकाला जागा मिळाली, सगळ्याचे रकाने आखले. पण सोमवारचा आकडा मंगळवारी बसेना. शेजारच्या माणसानं आपला लॅपटॉप जवळ सरकवला तरी हिचा एक सेकंद वाढायचा. एकदा तिनं दोनशे दहा सांगितलं आणि एकशे ऐंशीत झालं. मी म्हटलं, बघ, लवकर झालं! ती म्हणाली, "लवकर झालं तरी चुकलंच ना, काका." शुक्रवारी तिनं वही मिटली. शेवटची पानं कोरी होती.

त्याच दुपारी जावईबापू वाचनालयाच्या उरलेल्या फिल्मचं विचारायला आले. "ताई, किती वेळ?" ती पडद्याकडे बघून गुणायला लागेल म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली, "होईल, सर."

"दॅट्स द स्पिरिट!" ते खूश होऊन गेले. त्यांना वाटलं, ताई नव्या पद्धतीला रुळली. आठ पांढरे पंखे मेजावर ओळीनं फिरत होते आणि माझे नकाशे उडू नयेत म्हणून मी प्रत्येकावर काहीतरी वजन ठेवत होतो. तिचा टायमर मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेतला, कागदावर ठेवायला. तिनं बघितलं, पण ठेवू दिला.

पाच वाजता फोन आला. तिचे दोन्ही हात लॅपटॉपखाली पट्ट्या सरकवण्यात गुंतलेले, म्हणून तिनं स्पीकर चालू केला.

"आई, किती मिनिटं?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. सहा सेकंद. मग पाच. मग परत सात.

"येते गं बाळा. होईल एवढ्यात."

 मग पोरीनं विचारलं, "होईल म्हणजे किती मिनिटं?"

मी पेन्सिल खाली ठेवली. मेजावरचे सगळे पंखे फिरत होते. मिनिटताई लॅपटॉप तसाच हातांवर तोलून धरून बसली होती.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "तू खिडकीत उभी राहू नकोस."